भेस्तानच्या पुढे अडकणारं डाउनलोड

विश्वास ठेवायचा की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा. पण हे ज्याच्यासोबत घडलं तो हेमराज माझा मावसभाऊ आहे. भुताखेतांच्या गोष्टींवर आमच्यात सगळ्यात जास्त हसायचा तोच.

आता हसत नाही.

ही रात्रीची गोष्ट नाही. गेल्या वर्षी आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आदल्या दिवशी, भर दुपारी घडलेली. जागा म्हणजे सुरतेत उधन्याला असलेल्या एका एम्ब्रॉयडरी कारखान्याचं ऑफिस. बाहेर मशीनांचा असा खडखडाट की शेजारी कोणी ओरडलं तरी ऐकू येऊ नये.

हेमराज तिथे कॉम्प्युटर सांभाळतो. साडीवर जी नक्षी भरायची तिची फाइल उधन्यात तयार होते. ती मशीनला दिली की मशीन भरतकाम करतं. शेठचा दुसरा कारखाना सचिन नावाच्या गावात. तिथे फाइल पोहोचवायची कशी? तर पेनड्राइव्ह खिशात घालायचा, मोटरसायकलला किक मारायची आणि सुटायचं.

हे काम लोटूचं होतं.

लोटू आमच्या शिरपूरकडचाच. लग्न व्हायचं होतं. सचिनच्या गेटवर पोहोचला की दोनदा हॉर्न वाजवायचा. पीं पीं. म्हणजे डिझाइन आली, या घ्यायला.

दिवाळीच्या सुमारास वाटेवरच्या भेस्तानच्या पुढच्या वळणावर एका ट्रकनं त्याला चिरडलं. पेनड्राइव्ह खिशात शाबूत होता.

पंधरवडा उलटला आणि त्याच पेनड्राइव्हसकट त्याच रस्त्यावर लोटूचा धाकटा भाऊ लखन जाऊ लागला. घरात दुसरं कमावणारं कोणी नाही. त्यांची आई पुष्पाबाई कोसाडच्या वसाहतीत राहते. लखन घरी येईपर्यंत ती दारातून हलत नसे. एकदा तिनं हेमराजचा हातच धरला.

"भाऊ, एक गया मना. याले तरी त्या रस्तावर धाडू नको."

हेमराजनं शब्द दिला.

शब्द दिला खरा, पण पुढं त्याच्या नाकी नऊ आले. दोन्हीकडचे कॉम्प्युटर लिनक्सवर चालणारे. त्यानं एक डाउनलोड सर्व्हिस बनवली. म्हणजे सचिनचा कॉम्प्युटर उधन्यातली नवीन डिझाइन आपणहून ओढून घेणार, माणूस लागणार नाही. तिचं नीट पॅकेज, म्हणजे इन्स्टॉल करायचा संच, बांधलं, दोन्हीकडे टाकलं. चालू केली.

बंद पडली.

पुन्हा चालू केली. पुन्हा बंद. कधी फोल्डर सापडत नाही म्हणायची, कधी परवानगी नाही म्हणायची, कधी काहीच न बोलता मरायची. ही चूक सुधारली की ती उपटायची. एरवी शांत असणारा हेमराज कीबोर्डला शिव्या घालू लागला. घरी जेवताना त्याचं लक्ष नसे. बायको रंजना म्हणाली, "त्या डबड्याशीच लग्न करायचं होतं!"

आणि शेठ? दर तासाला दारात, अजून किती वेळ म्हणून.

"हेमराजभाई, केटली वार?"

"बस, थयी गयुं शेठ."

कसलं थयी गयुं! आखाजीच्या आदल्या दुपारी शेठनं हात झटकले. आज संध्याकाळपर्यंत चाललं तर चाललं. नाहीतर हा खेळ बंद, लखन कायमचा मोटरसायकलवर.

हेमराजनं शेवटचा प्रयत्न केला. सर्व्हिस चालू केली... पुन्हा मेली.

त्यानं हात टेकले. सर्व्हिस स्वतःच्या हातानं बंद केली. स्क्रीनवर स्वच्छ लिहून आलं की ती बंद आहे. लखननं खिळ्यावरचा पेनड्राइव्ह घेतला, हेल्मेट उचललं.

"राहू दे भाऊ. मी जाईसन येस."

तो दाराबाहेर पडला, आणि तेवढ्यात...

स्क्रीनवर एक ओळ उमटली.

डाउनलोड सुरू.

बंद असलेल्या सर्व्हिसचं डाउनलोड?

"लखन! थांब!"

दोघं स्क्रीनसमोर उभे राहिले. फाइल एवढीशी, डोळ्याची पापणी लवेपर्यंत जायला हवी. पण आकडा सरकेचना. एक टक्का... बऱ्याच वेळानं दोन...

"नेट बोंबललंय," हेमराज वैतागून म्हणाला. तपासलं. नेट ठणठणीत होतं. बाकी सगळं धडाधड उतरत होतं. ही एकच फाइल रांगत होती.

 लखनची नजर आकड्यावर होती. मग तो पुटपुटला,

"आते पांडेसरा उनं."

"काय?"

"मी रोज जास ना भाऊ. इतला टाइममा पांडेसरा येस."

 हेमराज लखनवरच खेकसला, "गप रे! काहीही बोलतो!"

आकडा सरकत राहिला. लखनचे ओठ हलत राहिले. सिग्नल... पूल... भेस्तान...

भेस्तानच्या पुढं आकडा थांबला.

हलेना. बाहेर मशीनं खडखडत होती, पण हेमराज सांगतो, त्या वेळी त्याला एकही आवाज ऐकू येत नव्हता. लखननं त्याचं मनगट घट्ट धरलं होतं.

"भाऊ... तेच वळण शे."

मग आकडा हळूच पुढं सरकला. अंधारात पाय चाचपत टाकावा तसा. आणि सचिनपर्यंत थांबला नाही.

शंभर टक्के.

लगेच फोन वाजला. सचिनचा कारागीर छगन.

"भाऊ, डिझाइन मिळाली. पण लखन कुठं गेला?"

"का?"

"गेटवर दोनदा हॉर्न वाजला ना. मी पळत गेलो, तर कोणीच नाही. मागं आलो तर मशीनवर डिझाइन आलेली."

शेठ खूश. "वाह, हेमराजभाई!" लखनला पेढा दिला. हेमराजनं आपला पेढा तसाच टेबलावर ठेवला.

भूतबीत काही नाही, कुठंतरी आपलंच चुकलंय, असं म्हणत तो पुन्हा स्क्रीनसमोर बसला. आणि चूक खरंच सापडली. लिनक्स प्रत्येक वापरकर्त्याला एक नंबर देतं. नावं आपल्यासाठी, कॉम्प्युटर ओळखतो तो नंबर. डिझाइन पेनड्राइव्हवर उतरवून घ्यायला लोटूचंही एक खातं होतं; तो गेल्यावर ते पुसलं होतं, पण त्याच्या फाइली तशाच राहिल्या होत्या. पॅकेज बांधताना दोन्हीकडे एकच नंबर असावा म्हणून हेमराजनं जो रिकामा दिसला तो सर्व्हिसला देऊन टाकला.

तो लोटूचा होता.

आता लोटूच्या जुन्या फाइलींवर मालक म्हणून सर्व्हिसचं नाव दिसत होतं. मेलेल्याच्या जागेवर, मेलेल्याच्या कामावर, त्याचाच नंबर लावून हेमराजनं सर्व्हिस बसवली होती.

त्यानं घाईघाईनं नंबर बदलला. पॅकेज पुन्हा बांधलं.

सर्व्हिस मेली.

दुसरा नंबर. मेली. तिसरा. मेली. संतापानं त्यानं माऊस भिंतीवर फेकला. शेवटी लोटूचा नंबर परत टाकला...

चालली. सावकाश. रस्त्यानं जावी तशी.

दुसऱ्या दिवशी आखाजी. हेमराज कोसाडला गेला. लोटूची ही पहिली आखाजी, म्हणून त्याच्या नावाची घागर भरलेली. तिच्यावर खरबूज, शेजारी आंबे. पुष्पाबाई पितरांची नावं घेत निखाऱ्यावर घास टाकत होती. आमच्याकडे त्याला आगारी म्हणतात. घासावर तूप सोडलं की ज्वाळ उठते, म्हणजे पितर जेवला.

सासऱ्याचा घास टाकला. ज्वाळ उठली. नवऱ्याचा टाकला. उठली.

"मना लोटू," ती म्हणाली आणि घास टाकला.

नुसता धूर.

तिनं पुन्हा तूप सोडलं. फुंकलं. निखारे लालबुंद होते. तरीही धूरच. म्हातारीनं हेमराजकडे पाहिलं. तिला नंबराचं काही ठाऊक नव्हतं. कोणी सांगितलंच नव्हतं.

"सगळा उनात रे. मना लोटूच उना नही. त्याले आजबी सुट्टी नही भेटनी का?"

हेमराज तसाच उठला आणि थेट उधन्याला आला. आमच्या सणाला तिथे सुट्टी नसते. कारखाना चालू, सचिनला जायची डिझाइन तयार. त्यानं पॅकेज काढून टाकायची कमांड लिहिली. फक्त एंटर दाबायचं होतं.

मागं चाहूल लागली.

दारात लखन उभा होता. हातात हेल्मेट.

"बंद पडनं का भाऊ? मंग मी जास."

हेमराजचं बोट एंटरवर होतं...

त्यानं लिहिलेलं सगळं पुसलं. सर्व्हिस चालू ठेवली.

ती आजही चालू आहे. लखन आता आतच, मशीनवर काम करतो. पुष्पाबाई दारात उभी राहत नाही. रोज एवढीशी फाइल उधन्याहून सचिनला जायला मोटरसायकलइतका वेळ घेते, भेस्तानच्या पुढं थांबते, आणि तेवढा वेळ हेमराज खुर्चीतून उठत नाही.

परवा त्याचा मला फोन आला होता. आवाज थकलेला.

"आखाजी आली रे पुन्हा," म्हणाला. "म्हातारीनं घागर आणलीय. मला बोलावलंय. मी कोणत्या तोंडानं जाऊ?"

मागं फोनमध्ये मशीनांचा खडखडाट ऐकू येत होता.

मग तो मध्येच थांबला. आणि त्या खडखडाटातून, दुरून कुठून तरी, मला दोनदा हॉर्न ऐकू आला.