पदराआडची मिश्री

"आक्का, तोंड उघड!"

बॅटरीचा झोत पडला आणि दयाबाईनं पदर तोंडावर असा घट्ट दाबून धरला, जणू समोर सख्खा भाऊ नसून चोरच उभा होता!

"न्हाई म्हनलं ना? मला काय धाड भरलीय? जा, दुसऱ्यांची बघ."

गिदोन हताश होऊन ओट्यावर बसला. मुंबईच्या मोठ्या दवाखान्यात तो कर्करोगावर आणि हृदयविकारावर संशोधन करत होता. जी तंबाखू तोंडात गाठ आणते तीच काळजाच्या नसाही आवळते का, हे शोधायला रक्तदाबाचं यंत्र आणि पाचशे कार्डं घेऊन तो मोठ्या उमेदीनं आपल्याच केडगावात आला होता. आणि तीन दिवसांत एका बाईनं तोंड उघडलं असेल तर शपथ!

"बाया म्हणतात, तुमची बहीणच दावत न्हाई, तर आमी कशाला दावू? आक्का, माझ्या कामावर तूच पाणी ओतलंस. माझं बरं झालेलं तुला बघवत न्हाई का गं?"

बघवत नाही!... शब्द जिव्हारी लागला. आई-बाप पटकीनं गेले तेव्हा याच नऊ वर्षांच्या पोराला पोटाशी धरून तिनं चालून आलेली दोन स्थळं परत पाठवली होती. मिशनच्या शिवणखात्यात डोळे फोडले होते. भाकरी एकच असली की ती त्याच्या ताटात जायची. "तू जेवलीस?" तो विचारायचा. "कवाच!" म्हणून ही माउली चिमूटभर मिश्री दातांना चोळून, वर तांब्याभर पाणी पिऊन आडवी व्हायची. मिश्रीनं भूक मरते. पुढं बरे दिवस आले, पण मिश्री काही सुटली नाही. आणि हीच दयाबाई दर बुधवारी चर्चच्या मंडळीतल्या बायकांना सांगायची, की तंबाखू म्हणजे पाप!

दिवसभर तिला चैन पडेना. आमटी करपली, सुईत दोरा जाईना. शेवटी ती शेजारच्या सोजराबाईकडं गेली. वास लपावा म्हणून इतकी वर्षं मिश्री भाजायची ती हिच्याच चुलीवर. सोजराबाईचा गाल संक्रांतीपासून सुजला होता, दुधात कुस्करलेली भाकरीसुद्धा गिळवत नव्हती.

"दाव की गं गिदोनला," दयाबाई म्हणाली.

"आधी तुमी दावा, मंग म्या! पाठच्या भावाला तुमीच भेता, आन् मला शानपन शिकिवता व्हय?"

मंडळी नावं ठेवील, तेवढं ती सोसणार होती. पण पोराला सगळं कळलं, तर त्याच्या घशाखाली पुन्हा घास उतरेल का? आणि नाही दाखवलं तर ही सोजरा अशीच कुढत मरायची... रात्रभर तिचा डोळ्याला डोळा लागला नाही.

सकाळी प्रार्थनामंदिराच्या ओसरीत बाया नुसत्याच बघ्यासारख्या उभ्या होत्या. दयाबाई सोजराबाईला हाताला धरून ओढत आली, स्टुलावर बसली आणि तिनं पदर बाजूला केला. काळे पडलेले दात, झिजलेल्या हिरड्या, आणि गालाच्या आत रुपयाएवढा पांढरा डाग! बाया कुजबुजल्या, कुणी फिसकन हसलंही.

गिदोननं कार्ड पुढं ओढलं. "कधीपासून?"

"तू सातवीत व्हतास तवापासून."

"सवय कशी लागली?" कार्डावरचा पुढचा प्रश्न त्यानं कसाबसा विचारला.

"लिही, संगतीनं."

"खोटं नका बोलू!" सोजराबाईला राहवेना. "उपाशी निजायची ही बाई, डॉक्टर! तुमाला जेवू घालायची आन् सोता मिश्री लावून पडायची!"

गिदोनचं पेन थांबलं. तो खाली फरशीवरच बसला. "आक्का... आणि काल मी तुला काय बोललो गं!..."

"ऊठ. बाया बघत्यात. डाग कसा हाय ते सांग."

"तुकडा काढून बघायला लागंल. आजच्या गाडीनं मुंबईला चल. आणि मिश्री आजपासून बंद."

"मंग भूक लागंल की रं!" दयाबाई सहज बोलून गेली.

"लागू दे, आक्का... लागू दे!" असं म्हणत तिच्या मांडीवर डोकं ठेवून तो लहान पोरासारखा हमसून हमसून रडला. शेजारी सोजराबाई केव्हाची तोंड उघडून बसली होती, आणि तिच्यामागं एकेक बाई येऊन उभी राहत होती.