टोमण्याचा भाव

गावच्या नळावर घागर भरता भरता शांताक्का म्हणाली, "लई उपकार झालं बया कंपनीचं! आता डाळीत हळद टाकाय नको." बायका हसल्या. खांबावरच्या यंत्राने ते बोलणे टिपले आणि रेवती कुलथेच्या मोबाइलवर कंपनीचा भावांक दोनने चढला.

रेवती तिथेच उभी होती. ती कंपनीची समाजकार्य अधिकारी. लोकांच्या बोलण्यातून कंपनीविषयीचा भाव मोजणारी ही यंत्रे गावोगाव बसल्यापासून गुंतवणूकदार ताळेबंदाआधी भावांक बघत. तो चढला की शेअर चढे. यंत्राला शब्द कळत, टोमणे मात्र कळत नसत. कुणी उपकार म्हटले की ते बापडे उपकारच धरून चाले.

घागरीतले पाणी पिवळे होते. कंपनीने बांधलेल्या शुद्धीकरण केंद्राची गाळणी दोन महिने निकामी होती आणि अंगणवाडीतली अकरा मुले काविळीने दवाखान्यात होती. रेवतीचा दुरुस्तीचा अर्ज तीनदा परत आला होता. शेरा एकच: भावांक उत्तम, खर्चाची गरज नाही.

तिने कारखान्याच्या प्रमुखांना फोन लावला.

"दाभाडेसाहेब, बायका टोमणे मारताहेत. मी यंत्राला उपरोध शिकवतेय."

"वेड लागलंय का तुम्हाला? ते वर्षभराचं बोलणं पुन्हा तपासेल! शेअर पडला तर आधी तुमचं केंद्रच बंद होईल. पैसा आहे म्हणून आपण चांगुलपणा करतो, कुलथे."

"मला वाटायचं, चांगुलपणा करतो म्हणून पैसा येतो."

"ते भाषणात."

रेवतीला संताप आला, आणि शरमही वाटली. हाच आकडा तिने वर्षभर सभांमधून मिरवला होता. तिने शांताक्काच्या वाक्यापुढे 'उपरोध' अशी नोंद केली. एक्क्याण्णववरचा भावांक घसरत घसरत सदतिसावर आला. पाठोपाठ शेअर कोसळला, आणि पाऊण तासात मुख्य कार्यालयाचा संदेश आला: शुद्धीकरण केंद्राचा निधी थांबवला आहे.

रेवतीने काही न लपवता बायकांना सगळे सांगितले. आता कुणी हसले नाही. शांताक्काने घागर कमरेवरून खाली ठेवली.

"म्हंजी आमी ग्वाड बोललो तर गाळणी न्हाई, आन् खरं बोललो तर पाणीच न्हाई," ती म्हणाली. "मग मॅडम, उद्या हितं येऊन आमी बोलायचं तरी काय?"