उन्हाच्या पडद्याला अस्तर

मी दुकानातून घरी आले, तर एक अनोळखी माणूस आमच्या स्टुलावर चढून खिडकीचं माप घेत होता, आणि बाबा पलंगावरून त्याला सूचना देत होते.

"पडदे शिवणारीच्या घरात बाहेरचा पडदा?" मी विचारलं.

"हा उन्हावर वीज तयार करतो," तो वरूनच म्हणाला. "तुमचा करतो का?"

असा राग आला... आणि हसूही. पण बाबांचं श्वासाचं मशीन विजेवर चालायचं. दुपारी वीज गेली की दुकानात माझा जीव टांगणीला लागायचा. म्हणून मी फक्त एक अट घातली — शिवण माझी.

"माझ्या हातचा पडदा आजवर दुरुस्तीला परत आलेला नाही," मी त्याला ऐकवलं. जाताना त्याने उगाचच दोनदा मागे वळून पाहिलं.

मी शिवला, त्याने टांगला. बाबांनी त्या माणसाचं नाव ठेवलं ऊनवाला. हा ऊनवाला मग पडद्याला जोडलेली बॅटरी बघायला आठवड्यातून दोनदा यायला लागला. तिचा दिवा हिरवागार असला तरी पाच-पाच मिनिटं बघत बसायचा.

"एवढं काय आहे त्या बॅटरीत?"

"बॅटरीत... काही नाही," तो म्हणाला, आणि त्याचे कान लाल झाले.

एका दुपारी वीज गेली. कात्री तशीच टाकून मी धावत सुटले. दार उघडलं, तर मशीन नेहमीसारखं घरघरत होतं आणि बाबा पेपर वाचत होते. मला इतकं भरून आलं की मी पडदाच दोन्ही हातांनी कवटाळला. तेव्हा मागच्या बाजूला हात लागला. अस्तर नव्हतं.

मी अस्तर लावलं होतं. उन्हाने रंग उडू नये म्हणून खिडकीच्या बाजूने अस्तर लावायचं, ही हाताची सवय. ज्याचं पोटच उन्हावर, त्या पडद्याला मी ऊन लागू दिलं नव्हतं. आता तिथे वीज तयार करणाऱ्या काळ्या पट्ट्या चमकत होत्या आणि कडेला हाताचे टाके होते, एक लांब, एक आखूड.

"दुसऱ्याच दिवशी दिवा लाल दिसला, म्हणून त्याने अस्तर उसवलं," बाबा म्हणाले. "दोन तास सुई घेऊन बसला होता. तीनदा बोट टोचून घेतलं. तुला सांगायचं नाही, अशी शपथ घातली मला."

"का पण?"

"तुझा पडदा कधी परत येत नाही ना."

मी खिडकीशी बसून पोटभर रडले. माझ्या वडिलांचा श्वासही त्याने राखला होता आणि माझा मानही.

संध्याकाळी तो धापा टाकत दारात आला. "वीज गेली होती म्हणे... मशीन चाललं?"

"चाललं. तुमच्यामुळे." मी पडद्याची कड उलटून दाखवली. "टाके फार वाईट घातलेत."

"मग उसवून नीट घाला."

"नाही. ते तसेच राहणार. मला रोज बघायचेत." त्याने मान वर केली, तशी मी घाईने विचारलं, "आणि माझं अस्तर?"

"माझ्या खिडकीला लावलंय. शिवण तुमची आहे... म्हणून."

"नुसतं अस्तर? लोक मला हसतील. उद्या दुपारी माप घ्यायला येते."

बोलून गेले आणि सवयीने मशीनकडे पाहिलं. कित्येक वर्षांत दुपारी मी दुकानाशिवाय कुठे गेले नव्हते.

"खुशाल जा," बाबा पेपरामागून म्हणाले. "आणि सावकाश ये. ऊन आहे घरात."