सहा आठवड्यांपुढच्या कोंबड्या

"अकरावी गेली," एवढंच म्हणून ताई फोनवर रडायला लागली.

डॉक्टरीणबाईंनी चहा तसाच ठेवला आणि गाडी काढली. आयुष्य कोंबड्यांच्या दवाखान्यात गेलेलं, त्यांना रडणं नवं नव्हतं. पण ताई रडणाऱ्यातली नव्हती. कत्तलीच्या गाड्यांमधून सोडवलेल्या कोंबड्यांचा आश्रम तिनं भांडून, हातापाया पडून, वेळ पडली तेव्हा दमदाटी करून उभा केला होता. आणि गेल्या तीन आठवड्यांपासून त्या पटापट मरत होत्या.

ताईचा संशय पक्का होता. शेजारचा पोल्ट्रीवाला विष घालतोय. त्याच्याशी तिचं विळ्याभोपळ्याचं सख्य. पोलिसांत द्यायचा अर्जही तिनं लिहून ठेवला होता.

"आणखी एक गेली तर मी कुलूप लावणार, डॉक्टर. वाचवते म्हणून आणायचं आणि खड्डा खणायचा, हे मला आता जमत नाही."

बाईंनी खाद्याच्या खोलीत टेबलावर कागद अंथरला आणि मेलेली पांढरी कोंबडी उघडली. घड्याळात तीन वाजले होते.

"खायला कधी घातलंस?"

"सकाळी सातला. पांढऱ्यांना एकेक वाटी, मोजून. मग एकदम संध्याकाळी."

"मधे?"

"दाणासुद्धा नाही. कितीही ओरडल्या तरी नाही."

"आणि खाद्य?"

ताईनं पोतं उघडून दाखवलं. पिठासारखं भरड.

बाई पुन्हा कोंबडीवर वाकल्या. विषाचं नावनिशाण नव्हतं. काळीज दुप्पट फुगलेलं, पोटात पाणी साठलेलं. आणि गळ्याखालची दाण्याची पिशवी, जी दुपारपर्यंत रिकामी व्हायला हवी, ती गच्च भरलेली होती. आत मक्याचे अख्खे दाणे होते, भिजून टपोरे झालेले.

बाई शेजाऱ्याकडे गेल्या. तो आधी उखडला, मग त्यानं सगळी पोती उघडून दाखवली. त्याच्याकडेही भरडच होतं, अख्खा मका औषधालाही नव्हता.

परत आल्यावर त्या ताईबरोबर शेडमधून फिरल्या. अंड्यांच्या तपकिरी कोंबड्या त्याच भांड्यातलं पाणी पिऊन ठणठणीत होत्या. उरलेल्या सात पांढऱ्या फतकल मारून बसलेल्या; कुणी मान वर केली नाही. इतक्यात मागच्या बाजूला काठी टेकल्याचा आवाज आला. सातही जणी धडपडत उठल्या आणि फेंगडं चालत मागच्या जाळीकडे निघाल्या.

"आबांचा लळा आहे त्यांना," ताई म्हणाली. आज पहिल्यांदा ती हसली होती.

बाईंनी वळून जाळीकडे पाहिलं. आबा म्हणजे ताईचे वडील. याच शेडमध्ये त्यांनी तीस वर्षं पोल्ट्री चालवली. त्यावरून बापलेकीचं दोन वर्षं बोलणं बंद होतं, मग एक दिवस त्यांनी आपण होऊन तिच्या हातात किल्ल्या ठेवल्या. तेव्हापासून ते मागच्या खोलीत राहत होते.

बाईंनी दोघांना खाद्याच्या खोलीत बसवलं. यापेक्षा विष निघालं असतं तर बरं, असं त्यांना मनापासून वाटलं.

"कुणी विष घातलेलं नाही. पांढऱ्या जातीची भूक माणसानं वाढवून ठेवलीय, मांसासाठी. पोटभर घातलं की अंग वाढतच जातं, काळजाला झेपत नाही. म्हणून तर ताई वाटीनं मोजते. तपकिरी जातीचं तसं नाही, म्हणून त्या जगल्या. मेलेलीच्या पिशवीत भिजवलेला मका होता. तो ना ताईच्या पोत्यात आहे, ना शेजाऱ्याच्या. आणि तुमची चाहूल लागली की त्या उठतात, आबा. ताईला बघून उठत नाहीत."

आबांनी लपवलं नाही. "दुपारी फार ओरडायच्या. मला ऐकवेना. मूठ मूठ मका घालायचो. जन्मभर पोट भरून त्यांना मारलं, म्हटलं आता नुसतं पोट भरावं."

ताई उभी राहिली. तिचा आवाज फाटला. "तीस वर्षं हेच केलंत, आबा! मला वाटलं तुम्हाला माहीत असेल."

"कसं माहीत असणार?" आबा हळूच म्हणाले. "सहा आठवड्यांची झाली की गाडीत चढवायचो. त्यापुढचं कोंबडीचं काय होतं, ते बघायला माझ्याकडे एकही राहिली नाही गं."

 आबांनी विचारलं, उरलेल्या तरी जगतील ना? बाईंनी खोटं सांगितलं नाही. सातांपैकी दोघींचं काही खरं नव्हतं. ताई जिला शेठाणी म्हणायची ती सगळ्यात जाडी, आणि एक लंगडी.

ताईनं अर्ज फाडला. मग आतून मोजायची वाटी आणली आणि बापाच्या मांडीवर ठेवली. आजपासून संध्याकाळचं तुम्हीच घालायचं, भरून मी देईन, म्हणाली.

"नको गं, पोरी. अर्ध्यावर हात आखडला की त्या माझ्याकडे बघत राहतील."

"राहू देत," ताई म्हणाली आणि रडत त्यांच्याशेजारी खाली बसली. "माझ्याकडेही रोज बघतात."