चौतीस पत्रं आणि एक हाक

“अगं, तू हयात आहेस होय!”

विरारच्या बँकेत, हयातीचा दाखला द्यायला आलेल्या पेन्शनवाल्यांच्या रांगेत प्रमोदिनीने गर्रकन मागे पाहिलं. आगाशीच्या शाळेत तिच्या वहीत बघून गणितं उतरवणारा दिनानाथ! केस गेले होते, खोडी मात्र जशीच्या तशी.

“दाखला मिळू दे, मग सांगते,” ती म्हणाली... आणि चक्क लाजली. पासष्टाव्या वर्षी!

तिथून पत्रं सुरू झाली. दोघांचेही जोडीदार कधीच गेलेले. त्याला कमी ऐकू यायचं, फोनवर नुसता आरडाओरडा; त्यापेक्षा कागद बरा. नंदाखालच्या वाडीतून तिचं पत्र जायचं, सोबत कधी उन्हात वाळवलेल्या केळ्यांची सुकेळी. विरारच्या तिसऱ्या मजल्यावरून त्याचं यायचं. दोन वर्षांत चौतीस झाली. केळी, गुडघे, जुने मास्तर, सगळं लिहून झालं. मनातलं तेवढं राहून जायचं.

पस्तिसावं शनिवारी दुपारी आलं.

“उमंग न्यायला आलाय. रविवारी सकाळी बंगळूरला निघतो... कायमचा. मुलाचं ऐकावं लागतं गं.”

प्रमोदिनीला आधी रडू आलं, मग संताप. कायमचा म्हणे! आणि मला विचारायची काही रीत? उत्तर धाडायचं तर उद्या पोस्ट बंद.

“मी उद्या विरारला जाऊन त्याला थांबवणार आहे,” तिने सुनेला सांगून टाकलं.

“आई, लोक काय म्हणतील?” रेवा चाचरली.

“म्हणू देत. दोन वर्षं गप्प बसले, पुरे झालं!”

सकाळी रिक्षातून उतरते तो बिल्डिंगखाली टॅक्सी उभी. उमंग सामान चढवत होता. दिनानाथ जिन्याच्या पायरीवर, बॅग पायाशी.

“दिना... जाऊ नकोस.”

“काय? कानाचं मशीन बॅगेत गेलंय गं!”

झालं! आता काय करायचं? प्रमोदिनीने पदर खोचला.

“अरे, जाऊ नकोस म्हणते! मला तू हवा आहेस!”

वरच्या मजल्यांवर धडाधड खिडक्या उघडल्या. इस्त्रीवाल्याचा हात थांबला. उमंग पिशवी धरून तसाच उभा. तिची कानशिलं तापली, पण बाई जागची हलली नाही.

दिनानाथने तिथेच बसून बॅग उघडली. शर्ट, औषधं, दोरीने बांधलेली तिची पत्रं, सगळं पायरीवर आलं. तळाशी मशीन सापडलं. त्याने ते कानात बसवलं.

“आता कशाला?” ती पुटपुटली. “अख्ख्या बिल्डिंगने ऐकलं की!”

“बिल्डिंगचं झालं,” तो म्हणाला. “आता हळू म्हण... माझ्यापुरतं.”

ती शेजारी टेकली आणि हळू म्हणाली.

“उमंग,” दिनानाथने हाक मारली, नजर तिच्यावरच, “टॅक्सी परत पाठव रे. सामान वर ने. ही पत्रं राहू दे, ती मी नेतो.”