मेव्हण्याच्या सुराचा गाँग

भट्टी पेटली की आपलं खरं नाव बाजूला ठेवायचं आणि जुन्या कथांमधल्या पंजी राजपुत्राच्या गोतावळ्यातलं एखादं नाव घ्यायचं, ही आमच्या जावा बेटातल्या सोलोकडच्या गाँग घडवणाऱ्यांची रीत. तापलेलं कासं ऐकत असतं म्हणे; खरं नाव कानी पडलं की धरून ठेवतं. माझ्या मेव्हण्याचं, गिमानचं, भट्टीवरचं नाव भलतंच भारदस्त होतं. त्याच्या पायाकडे निखारा घरंगळताना दिसला आणि ते नाव मला ऐन वेळी आठवेना.

"गिमान, पाय!" मी ओरडलो.

पाय वाचला. सासरे, पाक वोंग्सो, यांनी आधी भट्टीतल्या काशाकडे पाहिलं.

गाँग मात्र अप्रतिम झाला. सूर लावायचं काम माझं. ठोका दिला की आवाज लाटा घेत पार भातखाचरांपर्यंत जायचा. "जन्मभर हाच घडवायला बघत होतो," सासरे म्हणाले आणि चक्क रडले.

खोड एकच निघाली. गिमान बोलला की गाँग गुणगुणायचा. आणि गिमान सतत बोलायचा.

"त्यात काय!" मी सगळ्यांना समजावलं. "प्रत्येक वस्तूचा आपला एक कंप असतो. याचा घसा आणि गाँग एका सुराचे निघाले, झालं. गिमान, जरा बारीक आवाजात बोल बघू."

तो दिवसभर बायकी आवाजात बोलला. सासूबाई हसून हसून खाली बसल्या. गाँग गुणगुणतच होता.

दुसऱ्या दिवशी माझं शास्त्र डळमळलं. आता आधी गाँग गुणगुणायचा, मग गिमान तोंड उघडायचा.

"दाजी, आज जेवायला टेम्पे तळा म्हणावं, कुरकुरीत..."

कंप थांबवायला मी गाँगच्या मधल्या फुगवट्यावर तळहात टेकवला.

त्याचे ओठ हलत राहिले. आवाज नाही.

हात काढला.

"...आणि मिरची जास्त," गिमान म्हणाला. त्याला पत्ताच नव्हता.

मी तडक सासऱ्यांना गाठून म्हटलं, "मामा, हा गाँग गिऱ्हाइकाला द्यायचा नाही. वितळवू या."

"जावईबापू, बोलणारे घरात पुष्कळ आहेत. असा गाँग एकच."

"अहो, तुमचा मुलगा आहे तो!"

"म्हणून तर इतका गोड वाजतो."

दुपारी गिऱ्हाइकाचा ट्रक आला. गाँग चढला. गिमान फाटकात माझ्याशेजारी उभा राहून ड्रायव्हरला अक्कल शिकवत होता.

ट्रक निघाला.

माझ्याशेजारी गिमानचे ओठ हलत होते.

"सावकाश, पुढे खड्डा आहे!" हे मात्र वळणापलीकडून ऐकू आलं.