टाकीखालची वायर

गुरुवारी दुपारी सागीन बोरसोकची, म्हणजे कणकेच्या तळलेल्या तुकड्यांची, पुरचुंडी घेऊन मेदेरच्या गॅरेजात आला. घरातलं माणूस गेलं की ओश शहरात गुरुवारी तेल तापवून बोरसोक तळतात. त्या वासानं मेलेल्याचं पोट भरतं. सागीनचा धाकटा भाऊ एर्मेक जाऊन नऊ दिवस झाले होते.

सागीनची अपघातातली मोटरसायकल कोपऱ्यात उभी होती. तिचा चोर-अलार्म मेदेरनंच बसवलेला. कुणी सीटवर बसलं की मालकाजवळचा पेजर किणकिणायचा, आणि मालकानं बटण दाबलं की इंजिन बंद. त्या दिवशी एर्मेक न सांगता गाडी घेऊन निघाला. सागीनला वाटलं, चोर. वळणावरच गाडी बंद पडली, आणि मागे ट्रक होता.

"बायके, बटण मीच दाबलं ना," सागीन मेदेरला थोरल्या भावाला सांगावं तसं म्हणाला. "आईच्या तोंडाकडे बघवत नाही."

"अलार्मनं आपलं काम केलं," मेदेर पुटपुटला. "त्यात तू तरी काय करणार..."

"हा पेजर ठेवा तुमच्याकडेच. मला घरात नको." तो बाकावर ठेवून सागीन निघून गेला.

मेदेरनं पुरचुंडी न सोडताच बाकावर सरकवली. अलार्मचा रिले, म्हणजे वीज तोडणारा स्विच, स्टार्टरच्या वायरवर बसवायचा असतो. मग उभी गाडी सुरू होत नाही, पण चालती गाडी मधेच बंद पडत नाही. ती वायर पेट्रोलच्या टाकीखाली होती. टाकी उतरवायचा कंटाळा केला आणि हाताशी आलेली इग्निशनची वायर कापून त्यानं रिले तिथं जोडला. दहा मिनिटं वाचली आणि पोर जिवानिशी गेलं.

उद्या पोलिसांचा माणूस गाडी तपासणार होता. मेदेरनं कडी लावली आणि पाना घेतला. आत्ता रिले हलवला की कुणाच्या बापाला कळणार नव्हतं.

टाकी उचलताच तापल्या तेलाचा वास आला. पुरचुंडी तर लांब बाकावर होती...

रिले स्टार्टरच्या वायरवरच होता. इग्निशनची वायर अखंड होती, कापल्याची खूणसुद्धा नव्हती. रिलेवरच्या नव्या टेपवर तेलकट बोटं उमटली होती, आणि टेप कोमट लागत होती.

आता मेदेरच्या चुकीचा पुरावाच उरला नव्हता. सागीनला त्या पापातून सोडवायला उरली होती फक्त मेदेरची स्वतःची जीभ.

बाकावरचा पेजर किणकिणला. सीटवर कुणीतरी बसलं होतं. गाडीची बॅटरी तर त्यानं सकाळीच काढून भिंतीशी ठेवली होती.

"सांगतो रे..." मेदेर हळूच म्हणाला. "आजच सांगतो त्याला..."

पेजर थांबला. उद्या सांगितलं तरी चालेल, असं नुसतं त्याच्या मनात आलं, आणि तो पुन्हा किणकिणू लागला.